सनद, सभा आणि कुंपण

राज्यसंस्थेचा इतिहास वाचताना आपले लक्ष सहसा जाहीरनाम्यांकडे, लढायांकडे आणि थोरांच्या भाषणांकडे जाते. परंतु सतराव्या शतकात इंग्रजांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समध्ये, ज्या वसाहती वसविल्या त्यांच्या कारभाराचे बारकाईने अवलोकन केले, तर तेथील लोकशासनाची घडण कुंपणे, धान्य आणि मोकाट जनावरे यांच्या नित्याच्या तंट्यांतून झाली, हे ध्यानात येते.

१६२९ साली राजा पहिला चार्ल्स याने मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला दिलेली सनद ही मूळची एका व्यापारी मंडळीची सनद होती. भागीदारांनी सभा भरवून गव्हर्नर व त्याचे सहायक निवडावेत, अशी तरतूद तीत होती; मात्र ही सभा कोठे भरावी, याविषयी सनद मौन पाळून होती. त्याचा लाभ घेऊन कंपनीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप आणि त्याचे सहकारी १६३० मध्ये सनद बरोबर घेऊनच समुद्र ओलांडून आले, आणि भागीदारांच्या सभेचे क्रमाक्रमाने विधिमंडळ झाले. याउलट, १६६८ मध्ये मुंबई बेट ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले, तिचे संचालक लंडनमध्ये बसूनच हुकूम पाठवीत राहिले. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र हुकूम देणारे आणि पाळणारे एकाच मुलखात नांदू लागले.

गावाचा मध्य म्हणजे सभागृह; तेथेच प्रार्थना होई आणि तेथेच गावसभाही भरे. घरासाठी जागा, शेतात वाटा आणि सामाईक गायरानात चराईचा हक्क, अशी जमिनीची वाटणी होई. गावसभा जसे कारभारी निवडी, तसेच कुंपणे तपासणारे आणि डुकरांवर देखरेख ठेवणारे अंमलदारही नेमी. डुकरांच्या नाकात कडी व गळ्यात लाकडी लोढणे असावे, असे नियम होते, आणि पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाई. नाण्यांची टंचाई असल्यामुळे सारा पुष्कळदा धान्याच्या रूपाने भरला जाई. इतकेच नव्हे, तर सहायकांच्या वार्षिक निवडणुकीत मक्याचा दाणा म्हणजे होकार आणि घेवड्याचा दाणा म्हणजे नकार, असा कायदा १६४३ मध्ये झाला.

अशाच एका जनावराने राज्ययंत्राचे स्वरूप पालटले. बोस्टनचा धनाढ्य व्यापारी रॉबर्ट कीन याच्याकडे एक भटकी डुकरीण आली. त्याने दवंडी पिटवली, पण बराच काळ कोणी हक्क सांगितला नाही. पुढे शर्मन नावाच्या एका गरीब गृहस्थाच्या पत्नीने, आपलीच डुकरीण कीनने मारली, असा आरोप केला. खालच्या न्यायालयात कीन निर्दोष ठरला. तरी हा वाद १६४२ मध्ये, गावांचे प्रतिनिधी आणि सहायक जेथे एकत्र बसत त्या सर्वोच्च सभेपुढे, म्हणजे विधिमंडळापुढे, गेला. तेथे गावांच्या प्रतिनिधींचा कौल बहुतांशी बाईकडे, तर सहायकांचा कीनकडे पडला. बहुमताचा निर्णय सहायकांना अमान्य करता येतो काय, हा जुनाच प्रश्न त्यामुळे पुन्हा पेटला, आणि १६४४ मध्ये दोन्ही वर्ग वेगवेगळे बसू लागून विधिमंडळ द्विसदनी झाले.

या व्यवस्थेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. १६३१ पासून मताधिकारी नागरिकत्व चर्चच्या सभासदांपुरतेच राहिले. स्त्रिया आणि बंधनात असलेले नोकर त्याबाहेरच होते. १६४१ च्या हक्कसंहितेने, मुक्त असो वा नसो, प्रत्येक पुरुषाला सभेत येऊन प्रश्न मांडण्याची मुभा दिली; परंतु त्याच संहितेने न्याय्य युद्धातील कैद्यांना गुलाम करण्यास वाव ठेवला. वसाहतवाल्यांची गुरे-डुकरे मूळ रहिवाशांच्या बिनकुंपणाच्या मक्याच्या शेतांत शिरून नासधूस करीत, तेव्हा या रहिवाशांना दाद मागावी लागे ती ज्यांची जनावरे त्यांच्याच न्यायालयात, जेथील कायदा करण्यात त्यांचा काडीचाही वाटा नव्हता.

शेजाऱ्यांनी एकत्र बसून आपल्या गाऱ्हाण्यांचा निवाडा करावा, ही शिस्त त्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, आणि ती अनुकरणीय आहे. परंतु त्या सभेत ज्यांना आसन मिळाले नाही, त्यांचा हिशेब मांडल्यावाचून तिचे मूल्यमापन पुरे होत नाही.