नाण्यावर जाऊ नका, पाती बघा

मिशिगनमध्ये उन्हाळ्यातल्या गराज सेलना जुनी ‘बेअर’ धनुष्यं अधूनमधून दिसतात. विकणारा छातीठोकपणे सांगतो, “1953 चं आहे, लिहिलंय बघा.” लिहिलेलं असतंच. पण ते साल कॅनडातल्या पेटंटचं, पुढची जवळजवळ वीस वर्षं धनुष्यांवर उमटत राहिलेलं. वय ताडायला रायझरवरचं, म्हणजे मधल्या मुठीच्या भागावरचं, गोल नाणं बघावं. बोट फिरवल्यावर ते लाकडाच्या पातळीत लागलं, तर धनुष्य 1972 पर्यंतचं. वर उठलेलं असेल, तर त्यानंतरचं. मी आधी बोट फिरवतो, मग भाव विचारतो.

फ्रेड बेअरचा कारखाना इथल्याच ग्रेलिंग गावी होता. 1978 मध्ये तो फ्लोरिडाला हलला, म्हणून ग्रेलिंगच्या मालाला शौकीन जास्त पैसे मोजतात. मला त्याचं फारसं अप्रूप नाही. बाण पाती फेकतात, नाणं नव्हे.

ही पाती, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग: मधे लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि दोन्ही अंगांना फायबरग्लास, सगळं गोंदाने एकजीव केलेलं. बैल घेताना दात बघावेत तशी ती बघायची. कापसाचा बोळा काठांवरून सावकाश ओढायचा. तंतू अडकला, तर तिथे चीर आहे किंवा थर सुटू लागलेत. वार्निशमधल्या केसासारख्या रेषांना भिऊ नये, ते नुसतं वय. पण ग्लासमध्येच आडवी चीर गेलेली दिसली, की धनुष्य खाली ठेवायचं.

मग दोरी चढवायची. मांडीला अडकवून धनुष्य वाकवायची जुनी रीत ऐटबाज दिसते खरी, पण पात्यांना पीळ पडतो तो बहुधा तिनेच. स्ट्रिंगर वापरावा: दोन्ही टोकांना अडकवायचा दोर. त्यावर पाय ठेवून मूठ वर उचलली, की दोन्ही पाती सारखी वाकतात. आता एका टोकाकडून नजर लावायची. दोरी पात्याच्या मधोमध धावली पाहिजे. थोडी सरकलेली असेल, तर पातं गरम पाण्याने शेकून, उलट्या बाजूला हलकेच वळवून निवेपर्यंत धरून ठेवतात. बऱ्याचदा सरळ होतं. फार पीळ असेल, तर सौदा सोडावा.

दोरी डेक्रॉनचीच हवी. ती किंचित ताणते आणि सुटतानाचा धक्का स्वतः सोसते. आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा झटका जुन्या टोकांना झेपत नाही. बाण न लावता दोरी ओढून सोडणं तर त्याहून वाईट, कारण बाणाने न्यायची सगळी ताकद पात्यांत परतते. सेलमध्ये धनुष्य हातात घेणारे हौशी नेमकं हेच करून बघतात!

नेम धरायला काही नाही. लाकडातच कोरलेल्या खाचेवर चामड्याचा तुकडा, त्यावर पिसांचा बाण. पिसं दबून निसटतात; प्लास्टिकचे पंख आपटतात आणि बाण भरकटतो. ‘बेअर’चं 52 इंची कोडियाक मॅग्नम रानात फिरायला सोयीचं, पण पूर्ण ओढलं की दोरीचा कोन बोटं चिमटतो. 62-64 इंची धनुष्य त्यापेक्षा कितीतरी सुखाचं.

ही धनुष्यं गराजात गेली ती मिझूरीच्या हॉलेस अ‍ॅलनमुळे. त्याच्या कंपाउंड धनुष्याला 1969 मध्ये पेटंट मिळालं आणि बघता बघता शिकारी चाकांकडे वळले. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, तेही कंपाउंडवरच. पूर्ण ओढल्यावर चाकं भार हलका करतात. ही जुनी बिनचाकांची रिकर्व्ह धनुष्यं अशी दयामाया दाखवत नाहीत. ओढाल तसं जड होत जातं.

म्हणूनच पात्यावरचा आकडा नीट वाचा. ‘45’ म्हणजे 28 इंच ओढल्यावर 45 पाउंड. हात आखूड असेल, तर इंचामागे दोन-तीन पाउंड वजा करा. बाजारात स्वस्तात मिळणारी बरीचशी धनुष्यं शिकारीची, 45-50 पाउंडांची. नवख्याने ती घेतली, तर खांदा दुखावतो, नेम बसतच नाही आणि महिन्याभरात धनुष्य भिंतीवर जातं. पहिलं धनुष्य 30-35 पाउंडांचंच घ्या, त्यासाठी थोडं थांबावं लागलं तरी.