पातकांचा क्रम आणि साष्टीचे पुराण

झाडीपट्टीतील मुर्रीसारख्या गावी कीर्तनातून षड्रिपूंची नावे ज्याच्या कानी पडली आहेत, त्याला मध्ययुगीन ख्रिस्ती विचारातील सात मूळ पातकांची यादी प्रथमदर्शनी ओळखीची वाटेल. कारण काम, क्रोध, लोभ, मद आणि मत्सर हे पाचही तीत आहेत, मोह तेवढा नाही, आणि खादाडपणा व धर्माचरणातील आळस हे दोन दोष अधिक आहेत. परंतु या विचाराने कामवासनेलाच सर्व पापांची जननी ठरविले, असा जो समज आपल्याकडे रूढ आहे, तो त्या यादीचा क्रम पाहताच डळमळू लागतो.

ही गणना मुळात इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांची. चौथ्या शतकात एव्हाग्रियसने साधकाला छळणारे आठ कुविचार सांगितले, कासियानने ते पश्चिमेस नेले, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने अहंकाराला मूळ मानून त्यातून उद्भवणारी सात पातके मांडली. त्यांत कामाचे स्थान शेवटचे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनेही हेच प्रतिपादिले, की देहाचे पातक आत्म्याच्या पातकाहून कमी दोषाचे, कारण देहाच्या ओढीने मनुष्य भोगाकडे वळतो, तर अहंकाराने तो ईश्वराकडे पाठ फिरवितो. दान्तेच्या शुद्धिपर्वतावरही अहंकारी सर्वांत खाली आहेत आणि कामुक शिखराजवळ.

कमी दोषाचे म्हणजे क्षम्य नव्हे. विवाहाची संतती, निष्ठा आणि अविच्छेद्य संस्कार ही जी तीन हिते ऑगस्टीनने सांगितली, त्यांच्या मर्यादेबाहेरील समागम पापच होता. संततीच्या हेतूला निसर्गाचा नियम मानल्यामुळे अक्वायनसचा तर्क अशा टोकाला गेला, की ज्या कृत्यातून संतती संभवत नाही ते त्याने, कामाच्या प्रकारांत, व्यभिचाराहून आणि बलात्काराहूनही निंद्य ठरविले. बलात्कारात दुसऱ्यावर अन्याय होतो हे त्याला पुरते ठाऊक होते. तरी त्याच्या तराजूत ते पारडे हलके राहिले, हे मला त्या विशाल बुद्धीचे सर्वांत मोठे अपयश वाटते.

इ. स. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसास वर्षातून एकदा पापनिवेदन अनिवार्य केले, आणि तेव्हापासून शास्त्राचा क्रम व व्यवहाराचा क्रम यांत अंतर पडत गेले. अहंकाराचा जबाब कोण घेणार? परस्त्रीगमनाचा मात्र तपशीलवार घेता येतो. हीच व्यवस्था पोर्तुगीज अंमलाबरोबर गोव्यात आली: १५६० साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले, ज्याच्या अधिकारकक्षेत पाखंडाबरोबरच द्विभार्या, समलिंगी समागम आणि पापनिवेदनाच्या वेळी स्त्रीकडे अनुचित मागणी करणारे पाद्रीदेखील येत; आणि १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू व साक्षीदार यांच्यावाचून झालेला विवाह अवैध ठरविला.

अशा मुलखात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला, साष्टीत त्याचे आयुष्य गेले, आणि आपली जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्तींसाठी त्याने मराठी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यातील मराठीस्तुतीच्या ओव्यांपलीकडे आपले वाचक सहसा जात नाहीत. जो जाईल त्याला दहा आज्ञा भेटतात, आणि त्यांतच व्यभिचाराचा निषेध येतो. परंतु सृष्टीतील पापाची कथा सुरू होते ती देवदूताच्या गर्वापासून, म्हणजे ग्रेगरीच्याच क्रमाने. न्यायासनाच्या दप्तरात जे पहिले पातक कधी कलमबंद होऊ शकले नाही, ते पुराणात अग्रस्थानी आहे.

१८१२ साली ते न्यायासन कायमचे बंद झाले आणि गोव्यातील त्याचे बहुतेक कागद नष्ट झाले. क्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळुरास सालदान्हा यांनी तो पुन्हा छापला.