समान प्रवास, असमान शुल्क : व्हिसाचा हिशेब

रोम, फातिमा किंवा लूर्ड्स येथे एकदा तरी यात्रेला जावे, ही इच्छा आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांत असते. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना भेटण्याची ओढही असते. मात्र विमानाच्या तिकिटाइतकाच व्हिसाही महत्त्वाचा असतो आणि त्याचे नियम सर्व देशांच्या नागरिकांना सारखे नसतात.

इटली, पोर्तुगाल व फ्रान्ससह युरोपातील 29 देश ‘शेंगेन’ क्षेत्रात मोडतात. व्हॅटिकनला इटलीतूनच जावे लागत असल्याने तेथेही हाच व्हिसा लागतो. 11 जून 2024 पासून त्याचे शुल्क प्रौढांस 90 युरो, तर 6 ते 11 वर्षांच्या मुलांस 45 युरो झाले आहे. सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. वालीवच्या एखाद्या कारखान्यात काम करणारा गृहस्थ पत्नी व अशा दोन मुलांसह निघाला, तर केवळ शुल्कच 270 युरो, म्हणजे सत्तावीस हजार रुपयांहून अधिक होते. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवा आकार, विमा आणि मुंबईच्या फेऱ्या यांचा खर्च वेगळा. अमेरिकन नागरिक मात्र कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत तेथे व्हिसाविना राहू शकतो.

अर्ज नामंजूर झाला तरी शुल्क परत मिळत नाही. 2024 मध्ये भारतातून सुमारे 11 लाख शेंगेन अर्ज झाले आणि त्यांपैकी साधारण 15 टक्के फेटाळले गेले. श्रीमंत प्रवाशाला ही रक्कम किरकोळ वाटेल. कामगाराच्या घरी ती कित्येक दिवसांची मजुरी असते.

असा भेद केवळ परकेच करतात असे नव्हे. घारापुरीची लेणी पाहण्यास भारतीयांना 40 रुपये, तर बहुतेक परदेशी पाहुण्यांना 600 रुपये मोजावे लागतात. सार्क व बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागू आहे. भारताने 2014 मध्ये सुरू केलेल्या ई-व्हिसाचे शुल्क आरंभी सर्वांना 60 डॉलर होते. 2015 मध्ये देशानुसार शून्य, 25, 48 व 60 डॉलर असे चार टप्पे झाले. भूतान भारतीय पर्यटकाकडून प्रतिरात्र 1,200 रुपये, तर इतर बहुतेकांकडून 100 डॉलर घेतो.

या भेदांमागे कारणे आहेत. ‘तुम्ही आमच्या नागरिकांकडून घेता तेवढे आम्ही तुमच्याकडून घेऊ’, हे परस्परतेचे तत्त्व त्यांपैकी एक. स्मारकांची देखभाल करदात्यांच्या पैशातून होते, म्हणून स्वकीयांना सवलत, हे दुसरे. परंतु घारापुरीचा पाहुणा पैसे भरल्यावर लेणी हमखास पाहतो. व्हिसाचा अर्जदार मात्र केवळ विचार होण्यासाठी पैसे भरतो, आणि त्याची झळ गरीब देशांतील सामान्य माणसालाच अधिक बसते. खरा अन्याय येथे आहे.

नियम आपल्या हाती नाहीत. तयारी मात्र आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयास सामान्यतः 15 दिवस, क्वचित 45 दिवस लागतात. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न होणारे तिकीट काढू नये. नकार मिळाल्यास त्याची कारणे लेखी कळवली जातात आणि अपील करता येते. 2024 पासून भारतीयांना आणखी एक सवलत आहे : तीन वर्षांत दोन व्हिसा नियमानुसार वापरणाऱ्यास दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. म्हणून जुने पासपोर्ट जपून ठेवावेत.