तीन हंगाम, एक आकडा?

मालिकेला दहापैकी किती गुण द्यावेत, हा वरवर पाहता आवडीनिवडीचा प्रश्न. पण त्याच मालिकेचे दोन-तीन हंगाम झाले आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच आकडा काढायचे ठरले, की तो गणिताचा प्रश्न होतो. आठवी ते दहावीच्या वर्गात सरासरी शिकवताना हा प्रश्न आम्हाला फार उपयोगी वाटतो, कारण मालिका मुलांच्या चांगल्या ओळखीच्या असतात.

झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ घ्या. पहिला हंगाम २०१६ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये, तिसरा २०२१ मध्ये. गंमत अशी, की दुसऱ्या हंगामातली गोष्ट पहिल्याच्या आधी घडलेली आहे. पहिल्याच्या सुरुवातीलाच मरण पावलेले अण्णा नाईक दुसऱ्यात जिवंत आहेत आणि सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते. वाडा तोच, घराणे तेच. पण कृती एक की तीन? मानांकन करणाऱ्या संकेतस्थळांचेही यावर एकमत नाही. आयएमडीबीवर प्रत्येक भागाला वेगळे गुण आणि संपूर्ण मालिकेला आणखी वेगळे गुण देता येतात. रॉटन टोमॅटोजवर प्रत्येक हंगामाचा आकडा निराळा असतो. मायड्रामालिस्टवर तर प्रत्येक हंगाम ही स्वतंत्र मालिकाच धरली जाते.

हंगाम हा शब्द आपल्याकडे मुळात शेतीचा. हिंगोलीसारख्या सोयाबीन-हळदीच्या जिल्ह्यात पिकाला गुण देण्याची एक जुनी पद्धत सर्वांना माहीत आहे. ती म्हणजे पैसेवारी. जुनी माणसे अजूनही आणेवारीच म्हणतात, कारण पूर्वी पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे असे. आता प्रमाण उत्पन्नाला शंभर पैसे धरतात आणि यंदाचे पीक त्या मानाने किती, ते ठरवतात. खरिपाची पैसेवारी एकदाच जाहीर करून कोणी मोकळे होत नाही. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम, असे तीन आकडे येतात. पीक उभे असताना दिलेला आकडा कच्चा असतो, हे त्या पद्धतीतच मान्य केलेले आहे. खरिपाची गावे आणि रब्बीची गावेही वेगळी धरतात. पैसेवारीविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत. पण गेल्या दहा वर्षांचे सगळे हंगाम एकत्र करून ‘हे शेत एकूण बासष्ट पैशांचे’ असे मात्र कोणी म्हणत नाही. तसे म्हटले तर ज्या वर्षी पीक बुडाले ते वर्ष त्या आकड्यात दिसणारच नाही.

मालिकांच्या बाबतीत नेमके हेच होते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ ते २०१९ अशी आठ हंगाम चालली. तिच्या शेवटच्या भागाला आयएमडीबीवर दहापैकी चारच्या आसपास गुण आहेत. संपूर्ण मालिकेचा आकडा मात्र नऊच्या वरच आहे. मालिका ऐन भरात असताना लोकांनी दिलेली मते शेवट फसला म्हणून आपोआप बदलत नाहीत.

एकत्र आकडा काढायचाच म्हटले तरी तो कसा काढायचा? समजा पहिल्या हंगामाला १००० जणांनी सरासरी ९ गुण दिले, दुसऱ्याला २०० जणांनी ६ आणि तिसऱ्याला ५० जणांनी ३. तिन्ही हंगामांची साधी सरासरी ६ येते. सगळी मते एका ढिगात टाकली तर १०,३५० भागिले १,२५०, म्हणजे ८.२८. एकाच माहितीतून एक ‘बरी’ मालिका निघते आणि एक ‘उत्तम’. दोन्ही गणिते बरोबर आहेत. फक्त पहिल्यात प्रत्येक हंगामाला सारखे वजन आहे आणि दुसऱ्यात प्रत्येक मताला.

याहून मोठा चकवा पुढे आहे. समजा ४० जणांनी पहिला हंगाम पाहिला. वीस जणांना तो फार आवडला, त्यांनी ९ गुण दिले. उरलेल्या वीस जणांना कंटाळा आला, त्यांनी ४ दिले. सरासरी ६.५. दुसरा हंगाम आला. कंटाळलेले वीस जण कशाला पाहतील? आवडलेल्या वीस जणांनीच तो पाहिला, जरा फिका वाटला, म्हणून प्रत्येकाने ८ दिले. सरासरी ८! दुसरा हंगाम पाहणाऱ्या एकूण एक प्रेक्षकाने आपले गुण कमी केले, तरी सरासरी दीड गुणाने वाढली. मालिका सुधारली नाही. न आवडणारे उठून गेले.

हे वर्गात करून पाहावे. मुलांच्या पाहण्यातली दोन हंगामांची कोणतीही मालिका निवडा. ‘पंचायत’चे पहिले दोन हंगाम चालतील. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन्ही हंगामांचे गुण लिहावेत. पाहिला नसेल तिथे फुली मारावी. मग फळ्यावर तीन आकडे काढा: पहिल्या हंगामाची सरासरी, दुसऱ्याची सरासरी, आणि ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांचीच पहिल्या हंगामाची सरासरी. वरच्या उदाहरणात हा तिसरा आकडा ९ येतो. ९ वरून ८ हा खरा बदल, ६.५ वरून ८ हा भास.

मुलांची चिठ्ठ्यांची गंमत संपली, की शिक्षकांनी आपले हजेरीपत्रक उघडावे. आपल्या भागातून दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही. समजा तीस मुलांच्या वर्गात अशी सहा आहेत. दरवर्षी शाळा तुटत असल्याने पहिल्या सत्रात त्यांची सरासरी ३५ आहे, बाकी चोवीस मुलांची ६०. वर्गाची सरासरी ५५. दुसऱ्या सत्रात ती सहा मुले परीक्षेलाच नाहीत आणि उरलेली चोवीस ५८ वर घसरली. कागदावर मात्र वर्ग ५५ वरून ५८ वर चढला! अहवालात ही प्रगती म्हणून जाते, आणि ती सहा मुले कोणत्याच रकान्यात दिसत नाहीत.

मग मानांकन कसे असावे? आमच्या मते प्रत्येक हंगामाचा आकडा वेगळा असावा आणि त्याशेजारी मते देणाऱ्यांची संख्या असावी. आधीच्या हंगामाला मत देणाऱ्यांपैकी किती जण पुढे आले, हेही लिहावे. चालू हंगामाचा आकडा ‘नजरअंदाज’ म्हणूनच दाखवावा. एकूण आकडा हवाच असेल तर तो सगळे हंगाम पाहिलेल्यांचा काढावा आणि हा आवड टिकलेल्यांचा आकडा आहे असे स्पष्ट म्हणावे. ‘रात्रीस खेळ चाले’ सारख्या मालिकेत एक पेच तरीही उरतोच: ज्याने दुसरा हंगामच आधी पाहिला, त्याचा ‘पहिला’ हंगाम कोणता धरायचा? हा प्रश्न आम्ही वर्गावर सोपवतो.