पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क : तासायची की बदलायची?



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या वर्कशॉपच्या दारात सभासदांच्या जुन्या फोर-व्हील गाड्यांची रांग लागते. तक्रार बहुधा एकच. "साहेब, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं." आणि मागणीही एकच. "डिस्क जरा तासून द्या, नवी कशाला?" या मागणीपायी हा लेख लिहावा लागला. माल वाहायच्या गाडीत माणसं बसवू नयेत हा नियम आम्हालाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. तरी हंगामात याच गाड्यांच्या हौद्यात तोडणीची माणसं पोराबाळांसकट बसतात आणि घाट उतरतात.

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. दोन टन वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून एकदा थांबवली, तर तेवढ्या उष्णतेत सुमारे एक लिटर पाण्याला उकळी फुटेल. तीच गाडी 80 वरून थांबवली तर दीड लिटरला. म्हणजे वेग वाढला तिसऱ्या हिश्शाने, उष्णता मात्र पावणेदोन पट. ब्रेक दाबताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. ही उष्णता पोटात घ्यायला डिस्कमध्ये लोखंड हवं. झिजून किंवा तासून पातळ झालेली डिस्क लवकर लाल होते, तडकते. शिवाय पॅडला तिच्यापर्यंत पोचण्यासाठी कॅलिपरचा पिस्टन नको तेवढा बाहेर यावा लागतो.

म्हणून तासायची की बदलायची, हे फिटरने किंवा मालकाने ठरवायचं नसतं. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच ओतलेला किंवा कोरलेला असतो. गंज घासला की दिसतो. तासल्यानंतर उरणारी जाडी या आकड्याच्या चांगली वर हवी, बरोबरीची चालत नाही, कारण पुढे पॅड आणखी झिजवणारच. जाडी मायक्रोमीटरनेच मोजावी, काठापासून थोडं आत, चार-पाच ठिकाणी. व्हर्निअरचे जबडे काठावरच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर अडकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. या एका चुकीने कितीतरी डिस्क 'पास' होतात.

थरथर आहे म्हणजे डिस्क वाकलीच, असंही समजू नये. चाकाचे नट कमी-जास्त आवळलेले, हब आणि डिस्कच्या मध्ये गंजाचा पापुद्रा, किंवा बेरिंग सैल, यांपैकी काहीही असू शकतं. आधी ते पाहावं.

आता जुन्या फोर-व्हीलची खरी गोम. साध्या मोटारीत डिस्क हबवर बाहेरून टोपीसारखी बसवलेली असते. कॅलिपर सोडवला की ती ओढून निघते. जुन्या फोर-व्हीलमध्ये अनेकदा ती हबच्या मागून बोल्टने आवळलेली असते. मग लॉकिंग हब काढा, लॉक नट काढा, बेरिंग काढा, अख्खा हब खाली घ्या, तेव्हा कुठे डिस्क हाती येते. थोडक्यात, काम डिस्कचं पण निम्मी जोखीम बेरिंगची. आणि गावोगाव बिघडतं ते इथेच. लॉक नटला मोठा बॉक्स पाना लागतो. तो नसला की छन्नी-हातोडा निघतो आणि नटाच्या खाचा उडतात.

बेरिंग रॉकेलने धुवावं, पुरतं सुकवावं, पण कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नये. रोलरला डाग दिसला तर बेरिंग बदलावं. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या आतपर्यंत दाबून भरावं, नुसतं वरून फासू नये. ऑईल सील दर वेळी नवं घालावं. जुन्या सीलमधून ग्रीस डिस्कवर आलं की नवे पॅडसुद्धा फेकावे लागतात. आवळताना हब हाताने फिरवत नट घट्ट करावा म्हणजे बेरिंग बसतं, मग सैल करून कंपनीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे पुन्हा हलका आवळावा. "घट्ट ते चांगलं" हा हिशेब इथे लावू नये. मागे एका सभासदाची गाडी वाटेत चाक जाम होऊन थांबली. बेरिंग जळून निळं झालेलं होतं, आणि डिस्क मात्र अगदी नवीकोरी!

बाकीचं थोडक्यात सांगतो. जॅक काळ्या मातीवर लावायचा तर खाली फळी घालावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, आणि गाडी घोडीवर घेतल्याशिवाय हात घालू नये. कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. डिस्क आणि पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. नव्या डिस्कवर गंज न चढण्यासाठी तेल लावलेलं असतं. ते साबण आणि गरम पाण्याने धुवावं, डिझेलने नको. ब्रेकची भुकटी तोंडाने फुंकू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसावी.

ब्रेक ऑईलविषयी मात्र सविस्तर सांगायला हवं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 3 जातीचं कोरडं ऑईल कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ठरावीक ओल धरलेल्याला 140 अंशांपर्यंतचीच हमी असते. घाटात डिस्क तापली, ऑईल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलावं. इंजिनचं ऑईल त्यात कधीही घालू नये, सगळी रबरं फुगतात.

शेवटची गोष्ट आमच्याच अंगावर आलेली आहे. नवे पॅड बसवायला पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल सरळ तळाला जातं. आमच्या शेडमध्ये एकदा काम झालं, गडबडीत कुणी पेडल मारलंच नाही, आणि गाडी बाहेर निघाली ती समोरच्या भिंतीला भेटूनच थांबली. भिंतीपाशी कुणी उभं नव्हतं, म्हणून निभावलं. तेव्हा इंजिन चालू करण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत मारावं. मग मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून आठ-दहा वेळा बेताचा ब्रेक दाबून वेग उतरवावा, पूर्ण थांबू नये, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात. शंभरेक किलोमीटर झाल्यावर थांबून दोन्ही हबजवळ हात न्यावा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापलेला वाटला, तर नट पुन्हा उघडून पाहावा.

मायक्रोमीटर वर्कशॉपमध्ये आहे. डिस्क काढून आणली तरी मोजून देऊ.