साहेबाचा पाईप आणि आपला हिशेब

आज एका अशा वस्तूविषयी लिहीत आहे, जी आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त सिनेमात पाहिली असेल. रेशमी गाऊन घालून जिन्यावरून उतरणारा श्रीमंत बाप, त्याच्या तोंडात वाकड्या दांडीची लाकडी नळी आणि तिच्यातून निघणारा निळसर धूर. तीच ती वस्तू, पाईप. आमच्या चाळीत हा विषय कधी निघेल असे मला वाटले नव्हते. पण तो निघाला, आणि तोही माझ्याच घरात.

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. शिकलेला, मेहनती मुलगा. गेल्या महिन्यात घरी आला तेव्हा जेवण झाल्यावर त्याने बॅगेतून एक डबी काढली व मला म्हणाला, "मामा, तुम्हाला एक गंमत दाखवतो. कंपनीतले मोठे साहेब वापरतात. मीही सुरू करीन म्हणतो. सिगारेटसारखा यात धोका नसतो, कारण धूर छातीत घ्यायचाच नसतो." डबीत एक नवा कोरा पाईप होता आणि सोबत तंबाखूचा पन्नास ग्रॅमचा पत्र्याचा डबा.

मी लगेच रागावलो नाही. रागावून माणूस ऐकत नाही, हे मी वीस वर्षांच्या सामाजिक कामात शिकलो आहे. मी म्हटले, "आधी माहिती करून घेऊ, मग ठरवू." त्याप्रमाणे आम्ही दोघांनी वाचले, विचारले. जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

पाईप म्हणजे काय?

पाईपला दोन भाग. तंबाखू भरायची वाटी आणि तोंडात धरायची दांडी. चांगला पाईप ब्रायर नावाच्या लाकडाचा करतात. हे लाकूड म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी, मातीत वाढणारी गाठ. ती कठीण असते आणि सहजासहजी जळत नाही, म्हणून आगीच्या वाटीला चालते. गाठी खणून काढतात, कित्येक तास उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात आणि त्यानंतर कोरतात. फ्रान्समधील सेंट-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या कामासाठी प्रसिद्ध आहे.

दुसरा प्रकार मीरशॉम या पांढऱ्या, हलक्या दगडाचा. हा दगड तुर्कस्तानात एस्किशेहिर येथे निघतो आणि वापरता वापरता पिवळसर तपकिरी होत जातो. तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त, मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा. अमेरिकेतील मिसूरी राज्यात १८६९ पासून असे पाईप होतात. आणि चौथा मातीचा. तो आपल्याला परका नाही. आपली चिलीम म्हणजे तरी काय? मातीचा सरळ पाईपच. साहेबाची दांडी वाकडी, आपली चिलीम सरळ, एवढाच फरक.

तंबाखूचे प्रकार

पाईपची तंबाखू एकाच जातीची नसते, मिश्रण असते. व्हर्जिनिया ही गरम हवेच्या कोठीत वाळवलेली, चवीला गोडसर. आपल्या देशात ती आंध्र आणि कर्नाटकात पिकते आणि तिचा कारभार पाहणारे तंबाखू मंडळ गुंटूरला आहे. बर्ली ही सावलीत हवेवर वाळवतात. तिच्यात साखर कमी, म्हणून वरून दिलेला सुगंध ती शोषून घेते. तुर्की तंबाखूची पाने लहान, उन्हात वाळवलेली. लाटाकिया ही धुरावर धरलेली, काळी. तिचे नाव सीरियातील बंदरावरून पडले. पेरीक ही अमेरिकेतील लुइझियाना राज्यातली, पिपात दाबून आंबवलेली. कॅव्हेंडिश म्हणजे वाफवून, दाबून मऊ आणि गोड केलेली.

नवशिक्याला बहुधा व्हॅनिला किंवा चेरीच्या वासाची तंबाखू देतात, कारण वास गोड आणि चव सौम्य वाटते. भाच्याच्या डब्यात तीच होती. डबा उघडला तेव्हा घरभर बेकरीसारखा वास पसरला. खरे सांगतो, मलाही दोन क्षण मोह झाला. हा गोडपणा कशासाठी असतो ते मला त्या क्षणी कळले.

ओढण्याची रीतही ठरलेली आहे. तंबाखू तीन थरांत भरायची. पहिला थर लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या हाताने, तिसरा पुरुषाच्या हाताने दाबल्यासारखा, असे तिकडे म्हणतात. एकदा पेटवायची, फुलली की दाबायची, पुन्हा पेटवायची. झुरका सावकाश घ्यायचा. घाई केली तर जीभ पोळते. नंतर राख काढून तारेच्या काकड्याने नळी साफ करायची आणि पाईपला एक दिवस विश्रांती द्यायची. म्हणजे रोज ओढणाऱ्याला एक पाईप पुरत नाही, दोन-चार लागतात.

धोका नाही, हे कितपत खरे?

आता मुख्य मुद्दा. भाचा म्हणाला तसे पाईपचा धूर पुष्कळ लोक छातीत घेत नाहीत, हे खरे. पण पाईपचा धूर क्षारधर्मी असतो. त्यातले निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात जाते. छातीत न घेताही सवय जडते ती अशी. शिवाय धूर ज्या ओठाला, जिभेला, घशाला लागतो, तेथे आपले काम करतोच. झ्यॉमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७९५ मध्येच लिहून ठेवले होते की पाईप ओढणाऱ्यांना ओठाचा कर्करोग होतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या प्रसिद्ध अहवालानेही पाईप आणि ओठाचा कर्करोग यांचा संबंध मान्य केला. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस या सर्वांच्या कर्करोगाशी पाईपचा संबंध आता सिद्ध झालेला आहे. आणि जो माणूस आधी सिगारेट ओढत होता, तो पाईपकडे वळला तरी जुन्या सवयीने बहुधा धूर आत घेतो. ब्रायरचे लाकूड धूर थोडा थंड करील, पण विष गाळीत नाही.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "पण मामा, बिडीपेक्षा तर बरा ना?"

हा प्रश्न मला लागला. कारण बिडी आमच्या घरात होती. माझे वडील गिरणीत रिंग खात्यात होते. कापसामुळे आत काडी पेटवायला बंदी, म्हणून सुटी झाली की फाटकाबाहेर बिडी पेटायची. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली, घरातले धान्य संपले, पण बिडीचे बंडल सुटले नाही. २००४ मध्ये ते घशाच्या आजाराने गेले. शेवटचे दोन महिने त्यांना पाणीही गिळता येत नव्हते. आई तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. तिच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला तेव्हा कुठे तिने मिश्री सोडली. आणि मी? मी बी.कॉम. झालो, टेबलाशी बसून हिशेब लिहू लागलो आणि टेबलाच्या खणात चुन्याची डबी ठेवू लागलो. साहेबांची पाठ फिरली की तळहातावर तंबाखू मळायची, बार भरायचा. वडील गेले त्यानंतरही अकरा वर्षे माझी तंबाखू चालूच होती. म्हणून मी कोणाला उपदेश करायला उंचावर बसलेलो नाही.

पाईप कोणाचा?

भाच्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्याने उशिरा सांगितली. "मोठ्या लोकांत बसल्यावर आपणही त्यांच्यासारखे दिसावे असे वाटते." मला त्याचा राग आला नाही. माझ्या आजोबांना गावात तंबाखू दिली जायची ती वरून, हातावर टाकून. चिलीम पंगतीत फिरायची, पण आजोबांपर्यंत यायची नाही. त्यांच्या नातीच्या मुलाला साहेबाच्या बरोबरीने बसून पाईप ओढावासा वाटला, तर त्यामागे शंभर वर्षांची सल आहे.

पण थोडा इतिहास पाहा. तंबाखू पोर्तुगीजांनी आणली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाचा सरदार विजापूरहून ती घेऊन अकबराच्या दरबारात गेला. बादशहाने झुरके घेतले, पण हकिमाने विरोध केला. जहांगीराने तर १६१७ मध्ये बंदीच घातली. तरी ती पसरली, कारण मोठ्यांचे पाहून धाकटे शिकतात. साहेबाकडून आपण पुस्तक घेतले, कायदा घेतला, कोट घेतला. ते घेण्यासारखे होते, म्हणून घेतले. त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू घेतलीच पाहिजे असे नाही.

आणि या धंद्यात राबतो कोण? निपाणीच्या वखारींत तंबाखूची धूळ नाकातोंडात घेणाऱ्या बाया, सिन्नर-सोलापूरकडे दिवसभर मान खाली घालून बिड्या वळणाऱ्या बाया. त्या आपल्याच आहेत. ओढणाराही आपला, वळणारीही आपली, आणि फायदा तिसऱ्याचा.

कारकुनाचा हिशेब

मी शेवटी कागद-पेन्सिल घेतली. भाच्याने डब्याची किंमत दोन हजार रुपये सांगितली. दिवसातून दोन वेळा, दर वेळी अडीच ग्रॅम धरली तर डबा दहा दिवस चालतो. महिन्याला तीन डबे, सहा हजार रुपये. वर्षाला बहात्तर हजार. पाईप, काडेपेटी, काकडे वेगळे. त्याची धाकटी बहीण नर्सिंगच्या शिक्षणासाठी पैसे जमवते आहे. मी एवढेच म्हटले, "बहात्तर हजारांत तिचे काय काय होईल, तू मांड." मग माझाही हिशेब मांडला. तंबाखूच्या दोन पुड्या रोज, वीस रुपये. वर्षाला सात हजार तीनशे. दहा वर्षांत त्र्याहत्तर हजार. मी ते चावून थुंकले.

आपल्या देशात २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरील शंभरांत सुमारे २९ जण तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरताना आढळले, आणि त्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे-लावणारे दुप्पट होते. म्हणजे पाईपवर बोलताना मिश्री आणि चंचीवरही बोललेच पाहिजे.

सोडायचे असेल तर

अनुभवाने सांगतो, पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. डोके दुखते, चिडचिड होते, झोप येत नाही. दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. तलफ येते ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप तोंडात टाकावी, उठून चार पावले चालावे. डबी, चंची, पुडी घरात ठेवू नये. घरच्यांना आधी सांगावे, म्हणजे ते चिडचिड समजून घेतात. डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंगगम वापरता येतो. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा सल्ला देते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यापैकी काही दिसले तर लाज न बाळगता सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात तोंड तपासून घ्यावे. माझी दोनदा सुटून पुन्हा लागली होती, तिसऱ्या वेळी सुटली. म्हणून एकदा हरलेल्यांनी निराश होऊ नये.

भाचा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. जाताना तंबाखूचा डबा त्याने माझ्या हातात दिला. पाईप मात्र बॅगेत ठेवला. मी काही बोललो नाही. परवा ताईचा फोन आला. तो पाईप त्याच्या टेबलावर पडून आहे आणि बहिणीच्या फीचा पहिला हप्ता त्याने भरला आहे. पाईप पुन्हा पेटणार नाही अशी खात्री मी देत नाही. तो डबा मी त्याच रात्री मोरीत रिकामा केला, कारण त्याचा गोड वास घरात ठेवण्याइतका विश्वास माझा माझ्यावर अजून नाही.

आपणही आज रात्री जेवणानंतर आपल्या घरचा एवढाच हिशेब मांडा. मुलांना शेजारी बसवून मांडा.