भिंतीविना कारागृह आणि शेतीचे शिक्षण

शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पोटाचा. हाती कसब नाही, गावात पत नाही, अशा स्थितीत तो पुन्हा वाममार्गास लागला, तर कारागृहात घालविलेली वर्षे त्याच्या आणि समाजाच्याही दृष्टीने व्यर्थ ठरतात. म्हणूनच बंद्यांना शेतीचे शिक्षण देण्याच्या कार्याकडे सुधारणेचे एक प्रमुख साधन म्हणून पाहिले पाहिजे. या कार्याची एक थोर परंपरा आपल्या महाराष्ट्रात आहे.

स्वतंत्रपूरचा प्रयोग

सांगली जिल्ह्यातील आटपाडी हा अवर्षणप्रवण भाग पूर्वी औंध संस्थानात मोडत असे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने 1939 साली प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपविला. त्याच वर्षी आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही बंद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. ‘भारतानंद’ या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन हे या कल्पनेचे प्रवर्तक होत. प्रजेवर विश्वास टाकणाऱ्या संस्थानाने गुन्हेगारावरही विश्वास टाकून पाहिला, असेच म्हणावयास हवे. तटबंदी नसलेल्या या वसाहतीत बंद्यांनी कुटुंबासह राहावे आणि शेती करून आपला चरितार्थ चालवावा, अशी योजना होती. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा गाजलेला चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला.

पुढे, 1968 साली, गोदावरीकाठी जायकवाडी प्रकल्पाच्या परिसरात पैठण येथे खुले कारागृह सुरू झाले. कारागृह सुधारणेसाठी नेमलेल्या न्या. मुल्ला समितीनेही 1983 च्या आपल्या अहवालात खुल्या कारागृहांचा पुरस्कार केला. चांगली वर्तणूक असलेल्या आणि शिक्षेचा काही काळ पूर्ण केलेल्या बंद्यांची येथे निवड करण्यात येते.

शेतीच का?

कारखान्यातील काम पहारेकऱ्याच्या नजरेखाली करून घेता येते. शेतीचे तसे नाही. पाळी चुकली की पीक सुकते, खुरपणी टाळली की तण माजते. चूक कोणी सांगावी लागत नाही, रान स्वतःच ती दाखविते. पेरणीपासून मळणीपर्यंत महिनोन्‌महिने धीर धरण्याची सवय अशा कामातून अंगी बाणते. ज्याच्या हातून क्षणाच्या रागात अपराध घडला, त्याला या सवयीची किंमत अधिक कळते.

मात्र केवळ राबणे म्हणजे शिक्षण नव्हे. कारागृहाच्या शेतात वर्षभर कुदळ चालविणारा बंदी मजूर म्हणून आला आणि मजूर म्हणूनच गेला, तर त्याच्या पदरी काय पडले? माती परीक्षण, बीजप्रक्रिया, कंपोस्ट खत, ठिबक सिंचन, कीडनियंत्रण आणि शेतीचा जमाखर्च यांचे रीतसर ज्ञान त्यास मिळावयास हवे.

सुटकेनंतरची कसोटी

खरी कसोटी असते ती सुटकेनंतर. परतणाऱ्या प्रत्येकाला जमीन असतेच असे नाही. काहींच्या वाटणीस बांधापुरते रान येते, काहींचे खटल्याच्या खर्चात गहाण पडलेले असते. अशांसाठी रोपवाटिका, कलमे बांधणे, शेळीपालन, दुग्धव्यवसाय, पंपदुरुस्ती यांसारखी अल्प जमिनीवर किंवा जमिनीवाचून चालणारी कसबे अधिक उपयोगी पडतात. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कृषी शिक्षणसंस्थेच्या नावाने मिळाल्यास कारागृहाचा शिक्का त्याच्या मागे लागत नाही.

मजुरीचाही विचार महत्त्वाचा आहे. सक्तमजुरीच्या बंद्यांना न्याय्य वेतन मिळावे आणि त्यातील काही भाग अपराधाची झळ पोहोचलेल्यांना देण्याची तरतूद व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली सांगितले. बंद्याचा घाम अशा रीतीने ज्याचे नुकसान झाले त्याच्याही उपयोगी पडतो, ही गोष्ट समाधानाची होय.

शासन जमीन देईल, पाणी देईल, शिक्षक देईल. परंतु परतलेल्या माणसास कामावर घेणे, त्याचे दूध संघात स्वीकारणे, त्याच्या मुलांना हिणवू न देणे हे गावाच्याच हाती आहे. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका लहानशा संस्थानाने जो विश्वास दाखविला, तो आपल्या गावांनी दाखविला, तरच या मशागतीचे चीज होईल.